साडेसातशेची साडेसाती

हुडकेश्वरला प्लॉट घेतला तेव्हा मला कुणीही सल्ला दिला नव्हता. सल्ला द्यायला तिथे माणूसच नव्हता. तुरीचे शेत होते, चुन्याच्या रेघा होत्या आणि 'नियोजित उद्यान' अशी पाटी ठोकलेली एक बाभूळ होती. पुढे घर बांधले, मुलाला शाळेत घातले, अपेंडिक्स काढून घेतले, तरी शेजाऱ्यांनी माझ्या निर्णयांत कधी नाक खुपसले नाही. पण मुलाच्या गेमिंग कॉम्प्युटरला एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा, एवढे एक वाक्य मी म्हाळगीनगर चौकातल्या पोह्यांच्या ठेल्यावर जरा मोठ्याने बोललो आणि तर्रीचा डाव हवेतच थांबला.

"साडेचारशे लय झाला, भाऊ," पोहेवाला म्हणाला.

"त्याचं काही ऐकू नका," शेजारी चना-पोहे खाणारे अनोळखी गृहस्थ म्हणाले. "हजारचा घ्या. पोट्ट्याचं लग्न होईपर्यंत पाहाच लागत नाही मग."

"मी तं म्हणतो कॉम्प्युटरच नका घेऊ," तिसरे एक जण हात धुता धुता म्हणाले. "माह्या साळ्याचा पोरगा बिघडला त्याच्यापायी."

एका प्लेटीत मला साडेचारशे, हजार आणि शून्य असे तीन आकडे मिळाले. कॉम्प्युटरमध्ये काय काय बसवणार आहात, असे मात्र एकानेही विचारले नाही. पुढचे काही आठवडे जो जो भेटला त्याने आकडा सांगितला, आणि हळूहळू माझ्या लक्षात आले की हा आकडा वॅटचा नसतोच. तो सांगणाऱ्याच्या स्वभावाचा असतो. भित्रा माणूस हजार सांगतो, चिकट माणूस साडेचारशे, आणि ज्याला दोन्ही बाजूंशी संबंध टिकवायचे आहेत तो "पाहून घ्या" म्हणतो. मी तिसऱ्या गटातला.

एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात बसणारा पत्र्याचा ठोकळा. भिंतीतले २३० व्होल्ट तो मागून आत घेतो आणि त्यांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून बाकीच्या भागांना वाटून देतो. आज दुकानात मिळणाऱ्या ठोकळ्यांचा साचा इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स या नावाने घालून दिला. तेव्हापासून त्याच्याकडे कुणी प्रेमाने पाहिल्याचे ऐकिवात नाही. प्रोसेसरचे गुणगान होते, ग्राफिक्स कार्डावर दिवे लागतात, पंखे सात रंगांत फिरतात. ह्या ठोकळ्याची आठवण होते ती धूर निघाल्यावर.

धुराचा अनुभव आमच्या घराला होता. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस होता आणि त्याच्या पाठीवर एक छोटा लाल स्विच होता: एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. हा स्विच अमेरिकेसारख्या ११५ व्होल्टच्या देशांसाठी असतो. तो तिकडे सरकवला की ठोकळा आत आलेला दाब दुप्पट करून घेतो. आमच्या मेहुण्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांना विजेचे बिल ठाऊक होते. ते दिवाळीला आले, टेबलाखाली वाकले आणि वर येऊन मला म्हणाले, "जावईबापू, तुम्ही २३० वर चालवून राहिले! ११५ वर टाका ना. बिल अर्धं येईल."

मी 'पाहून घेऊ' म्हणेपर्यंत त्यांनी स्विच सरकवलाही होता. मोठा आवाज झाला. दिवाळी असल्याने शेजारच्यांनी दखल घेतली नाही. पुढे मुलाने समजावले की ४०० व्होल्ट सोसणाऱ्या कपॅसिटरांवर साडेसहाशेच्या आसपास व्होल्ट गेले. मेहुण्यांचे म्हणणे मात्र अगदीच वाया गेले नाही. त्या महिन्यापासून कॉम्प्युटरचे बिल अर्धे नव्हे, पूर्णच वाचले.

तर आता नवा कॉम्प्युटर. बारावीला अमुक टक्के पडले तर घेऊन देईन, असे मी म्हटले होते. टक्के पडणार नाहीत या भरवशावर म्हटले होते. चिरंजीवांनी माझा भरवसा मोडला आणि यादी पुढे केली. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, ६५ वॅट. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ११५ वॅट. आणि तळाला, हळूच: एसएमपीएस, ७५० वॅट.

"पासष्ट आणि एकशे पंधरा," मी म्हणालो, "एकशे ऐंशी होतात."

"हो बाबा."

"मग साडेसातशे कशाला?"

"मदरबोर्ड, रॅम, पंखे धरा ना. आणि हेडरूम लागते."

"किती?"

"बाबा, कार्ड बनवणारी कंपनीच साडेपाचशेचा घ्या म्हणते. शिवाय कार्ड मध्येच झटका मारते. २०२२ साली एटीएक्स ३.० चे नियम आले, त्यात ठोकळ्याला त्याच्या वॅटच्या दुप्पट झटका शंभर मायक्रोसेकंद सोसता आला पाहिजे असं लिहिलं आहे."

शंभर मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. माझ्या पगाराला महिन्याच्या वीस तारखेनंतर कुठलीही हेडरूम उरत नाही, आणि हा मुलगा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाची तरतूद करून राहिला होता. स्वयंपाकघरातून आवाज आला, "तेवढ्या वेळात तर तुझ्या बाबांच्या कपाळाला आठीही पडत नाही!" आणि पाठोपाठ सौभाग्यवती स्वतः बाहेर आल्या.

"किती वॅटचा म्हणालास?"

"साडेसातशे, आई."

"माझा मिक्सर साडेसातशेचा आहे," ती म्हणाली. "त्याच्यात मी हळकुंडं दळते. तुझा हा डबा काय दळणार आहे?"

"आई, तो दळत नाही. ग्राफिक्स रेंडर होतात त्याच्यावर."

"दळणच झालं की ते."

इथे घरात एक मूलभूत गैरसमज उभा राहिला आणि तो अखेरपर्यंत बसला नाही. साडेसातशेचा ठोकळा लावला की तो बसल्या जागी साडेसातशे वॅट ओढतो, असे घरातल्या ज्येष्ठांचे ठाम मत होते. मुलगा सांगत होता की तो आकडा ओढण्याचा नाही, देण्याच्या कुवतीचा आहे. कॉम्प्युटरने दीडशे मागितले तर तो दीडशेच देईल आणि भिंतीतून त्याहून थोडे जास्त घेईल. माझ्या सासूबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग साडेसातशे लिहिलं कशाला? खोटं आहे का?"

आमच्या रांगेत कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका राहतात. विजेच्या कुठल्याही वादात त्यांचा शब्द शेवटचा असतो, मुख्यत्वे दुसऱ्या कुणाला बोलू देत नसल्याने. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. ज्याने हयातभर मेगावॅटची भाषा केली त्याला माणसाने वॅटमध्ये काही विचारणे हाच अपमान वाटतो.

"साडेसातशे वॅट?" काकांनी चष्मा काढला. "म्हणजे शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य सात पाच मेगावॅट. याच्यासाठी तू मले झोपेतून उठवलं?"

मग त्यांना दया आली. त्यांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. कोराडीचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला आणि वाटेतली गळती सोडून दिली, तर त्याच्यावर साडेसातशेचे ८ लाख ८० हजार ठोकळे भरून चालतील. "हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा, बेसा," ते बोटांवर मोजत म्हणाले, "सारे पोट्टे एका वेळी खेळून राहिले तरी संचाले कळणार नाही." एवढा दिलासा मिळाल्यावरही कितीचा घ्यावा हा प्रश्न शिल्लकच होता. त्यावर काका म्हणाले, "कितीचाही घे. फरक काय पडते?"

शेवटी मी आणि चिरंजीव स्कूटरवरून मानेवाडा, तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक असे करत धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या बाजूला पोचलो. तिथल्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने आमच्याकडे आपादमस्तक पाहिले आणि आमची ऐपत मनातल्या मनात वॅटमध्ये मोजली.

"हा घेऊन जा साहेब. पाचशे वॅट. आठशे रुपये."

मला तो ठोकळा फार आवडला. एका वॅटला दोन रुपयेही पडत नव्हते. पण मुलाने तो उलटा केला आणि पाठीवरचे स्टिकर वाचू लागला. आम्ही लोक स्टिकर सोलून काढतो; ही पिढी वाचते.

"काका, बारा व्होल्टवर सोळाच अँपिअर आहेत."

"मग?"

"बारा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बारा व्होल्टवरच चालतात. बाकीचे तीनशे कुठे गेले?"

दुकानदार माझ्याकडे वळला. पोर आगाऊ निघाले की बापाकडे वळावे, हा व्यापाराचा नियम आहे. "साहेब, कंपनीनं पाचशे लिहिलं आहे. कंपनी खोटं लिहील का?"

मला एकदम आमच्या घरचा जुना टेपरेकॉर्डर आठवला. त्याच्या अंगावर 'पीएमपीओ' असे लिहून पुढे वॅटचा चार आकडी आकडा छापला होता. नव्वदच्या दशकात प्रत्येक टेपरेकॉर्डरवर असा आकडा असे. तेवढे वॅट खरे असते तर गणपतीत आमच्या मंडळाने लाऊडस्पीकर भाड्याने आणला नसता. आकडा छापायला शाई लागते, तांबे लागत नाही, हे ज्ञान मला तेव्हापासून आहे. पण आठशे रुपये ऐकले की ते ज्ञान झोपी जाते.

"वजन पाहा साहेब," म्हणत दुकानदाराने आता एक वजनदार ठोकळा माझ्या हातात ठेवला. "चांगल्या मालाले वजन असते." मी तो दोन्ही हातांनी तोलला, वर-खाली केला आणि सवयीने त्याला टिचकीही मारून पाहिली. आवाज बरा आला. मी जाणत्यासारखी मान हलवली.

"याच्यात ब्रॉन्झ आहे, गोल्ड आहे, प्लॅटिनम आहे," तो म्हणाला.

त्याच क्षणी घरून फोन आला होता आणि मी तो उचलून कानाला लावला होता. पलीकडून थरथरता आवाज आला, "गोल्ड? तुम्ही नेमके कुठे आहात? किती ग्रॅम?"

ही पदके '८० प्लस' नावाच्या प्रमाणपत्राची. २००४ साली तो उपक्रम सुरू झाला. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कॉम्प्युटरला मिळते आणि किती उष्णतेत जाते, याची ती परीक्षा. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्रॉन्झला ८५ टक्के पाडावे लागतात, गोल्डला ९०, टायटेनियमला ९४. आमच्या घरी ८५ टक्क्यांवर कुणी पेढेही वाटत नाही, असे मी मुलाला ऐकवले. पण खरी गंमत पुढे होती. ही परीक्षा खोलीचे तापमान २३ अंशांच्या आसपास ठेवून घेतात.

२३ अंश! नागपुरात २३ अंशांना लोक कानटोप्या काढतात, शेकोटीची लाकडे गोळा करतात आणि 'थंडी वाजून राहिली ना बाप्पा' म्हणत उन्हात खुर्च्या मांडतात. २३ मे २०१३ रोजी ह्याच शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. नवतपा लागला की आमच्या हॉलमध्ये बंद पडलेला एसएमपीएससुद्धा चालू असल्यासारखा गरम लागतो. म्हणून मुलगा चाळीस अंशांवरची क्षमता लिहिलेली आहे की पन्नास अंशांवरची, ते शोधत होता. दुकानदार म्हणाला, "पोरगा हुशार आहे तुमचा. काय शिकतो?" यात कौतुक कमी आणि 'लवकर घेऊन जा याला' हा भाग जास्त होता.

आता आकडा ठरवायचा होता. जगात सध्या ५७५ वॅट खाणारे एकेक ग्राफिक्स कार्ड निघाले आहे आणि त्याचे कर्ते हजार वॅटचा ठोकळा लावायला सांगतात, हे मुलाने मला मुद्दाम सांगितले. त्या मानाने आपली मागणी किती नम्र आहे हे कळावे म्हणून. मी त्याला साडेचारशेची नम्रता सुचवली. तो साडेसातशेवरून हलेना. मग फोनवर कौटुंबिक वाटाघाटी झाल्या. घरच्या गृहमंत्रालयाची अट एकच होती: मिक्सरपेक्षा कमी. "माझ्या बरोबरीचाही नको," असे स्पष्ट शब्द होते. मुलाची अट होती: समोरच्या प्लॉटवरच्या मुलाकडे साडेपाचशेचा आहे, त्याच्यापेक्षा जास्त. साडेपाचशेच्या वर आणि साडेसातशेच्या खाली, असा एकच ठोकळा त्या दुकानात होता. साडेसहाशे, ब्रॉन्झ.

गंमत म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनेही तो आकडा चोख निघाला. असले ठोकळे साधारण अर्ध्या भारावर सर्वांत काटकसरीने चालतात आणि उरलेल्या अर्ध्यात झटके, उन्हाळा आणि पुढचे कार्ड मावते. एक मिक्सर आणि एक शेजारी यांच्या मधोमध आम्ही अभियांत्रिकी गाठली.

घरी येऊन जोडणी झाली. पंखे फिरले, दिवे लागले, सासूबाईंनी कुंकू लावायला अनवाणी जाऊन कॅबिनेटला हात टेकवला आणि "अगं बाई!" म्हणून मागे सरकल्या. मी हात लावून पाहिला. बोटांना झिणझिण्या आल्या.

"देव आहे त्याच्यात," सासूबाई म्हणाल्या.

"लीकेज आहे," मुलगा म्हणाला.

"साडेसहाशे घेतला म्हणून," कुंपणापलीकडून आवाज आला. "मी हजार म्हणलो होतो." चना-पोह्यांचे ते गृहस्थ आमच्याच लेआउटमध्ये राहतात, हे मला तेव्हा कळले.

इलेक्ट्रिशियन आला. त्याने बोर्ड उघडला, आत डोकावला आणि सहानुभूतीने माझ्याकडे पाहिले. "साहेब, तुमची तिसरी पिन शो ची आहे. वायर कुठीच नाही जात." घर बांधले तेव्हापासून त्या भोकात आम्ही श्रद्धेने पिन खुपसत होतो. एसएमपीएसमधून जी किंचित गळती अर्थिंगवाटे जमिनीत जायची, ती वाट न सापडल्याने पत्र्यावर येऊन बसली होती आणि सासूबाईंच्या रूपाने तिला वाट मिळाली होती. मग अंगणात खड्डा झाला, त्यात मीठ आणि कोळसा पडला. रस्त्याने जाणारे थांबून विचारत होते, "बोअर मारून राहिले का?" कॉम्प्युटरसाठी आहे म्हटल्यावर ते विषय बदलत.

खड्डा बुजवता बुजवता इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मले इचारलं असतं तं मी दोन किलोवॅटचा सांगितला असता."

यूपीएसची कथा थोडक्यात सांगतो. पहिल्याच पावसात लाइट गेली, मुलाचा गेम गेला, मुलाचा चेहरा गेला. मी धावत जाऊन ६०० चा यूपीएस आणला. घरी आल्यावर कळले की ते सहाशे व्हीए आहेत आणि वॅट ३६०. मी आता आकड्यांवरचा विश्वास उडालेला माणूस होतो, त्यामुळे मला धक्का बसला नाही. उलट सासूबाईंनी माझी बाजू घेतली: "मी म्हटलंच होतं, लिहितात एक आणि असतं एक."

शेवटी कोराडीच्या काकांनी आपले मापनयंत्र आणले. ते भिंतीच्या सॉकेटात खुपसायचे आणि कॉम्प्युटर त्यात. सगळी मंडळी जमली. नुसता चालू असताना कॉम्प्युटर पन्नास वॅट घेत होता. मुलाने सगळ्यांत दांडगा गेम लावला, पडद्यावर आगी लागल्या, पूल कोसळले, आणि मापनयंत्र २४० वॅटच्या आसपास येऊन थांबले.

"म्हणजे साडेचारशे पुरला असता," पोहेवाल्याचा पक्ष घेत मी म्हणालो.

"म्हणजे साडेसहाशे अर्धाही लागत नाही. एकदम थंडा आहे तो. हजार असता तं अजून थंडा राहिला असता," चना-पोहेवाले म्हणाले.

"म्हणजे माझा मिक्सर याच्या तिप्पट आहे," सौभाग्यवती म्हणाल्या आणि समाधानाने आत गेल्या.

एका आकड्याने सगळे जिंकले. मोजल्यावर वाद मिटतो, असे जे म्हणतात त्यांनी आमच्या लेआउटमध्ये एकदा राहायला यावे.

पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्याचे बिल आले आणि ३०० युनिटांच्या वर गेले. महावितरणचा दर तिथे पुढची पायरी चढतो आणि त्याबरोबर माझा रक्तदाबही. तातडीची बैठक बसली. मेहुणे खास आले होते. या वेळी त्यांना टेबलापासून दूर बसवले होते. आरोपी आधीच ठरला होता.

"साडेसहाशे वॅट," मेहुणे मान हलवत म्हणाले. "दुसरं काय होणार?"

काकांनी कॅलेंडरच्या मागे पुन्हा हिशेब मांडला. कॉम्प्युटर: २४० वॅट, रोज चार तास, महिन्याचे जेमतेम २९ युनिट. मग त्यांनी नजर वर केली. हॉलच्या खिडकीत एक कूलर होता, आतल्या खोलीत दुसरा. प्रत्येकी २०० वॅट, रोज अठरा तास. "दोघांचे मिळून महिन्याचे २१६," काका म्हणाले, आणि वर आणखी काही समजावूनही सांगत होते. पण वाळ्याच्या ताट्यांतून सुटलेल्या त्या गार वाऱ्याच्या घोंगाटात ते कुणाला नीटसे ऐकू आले नाही. जे मला ऐकू आले, ते मी ऐकले नाही. मे महिन्यात नागपुरात कूलरवर संशय घेण्याची प्रथा नाही.

मेहुण्यांनी सूचना मांडली, सासूबाईंनी अनुमोदन दिले, मी "पाहून घेऊ" म्हणालो आणि तो होकार धरला गेला. मुलाने रोज एक तास कमी खेळावे, हा ठराव दोन्ही कूलर फुल स्पीडवर ठेवून एकमताने मंजूर झाला.